गुलाबाई, जी.आय. जो आणि झोरोचा घोटा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे सरकला की दोन गोष्टी माना टाकतात. शेतातलं केळीचं पान आणि कपाटातला झोरो. पानाचं कारण इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झोरोचं असं आहे की 'वन पीस'मधला हा तीन तलवारींचा गडी बहुतेक वेळा एका पायावर झेप घेतलेला घडवतात. सगळा भार एका घोट्यावर, आणि घोटा पीव्हीसीचा. पीव्हीसी उकाड्याने मऊ पडतं, घोटा हळूहळू दबतो आणि एका दुपारी लक्षात येतं की झोरो पुढच्या शत्रूवर नाही, शेजारच्या नारुतोवर कोसळायच्या बेतात आहे. हा आजार तोक्योतही होतो. खान्देशात तो जरा घाईत असतो.

इलाज सोपा आहे. फिगर तळपाटापासून सोडवायची, पाय गरम पाण्यात धरायचा, मऊ झाला की बोटांनी सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा. हे चालू असताना घरातलं कुणीतरी मोठं माणूस मागून जातं आणि विचारतं, "हाई काय शे भो? बाहुली?"

प्रश्न टोमण्याचा असला तरी उत्तर द्यायला हरकत नाही. हो, बाहुलीच. आणि बाहुली खान्देशाला नवी नाही. वर्षाच्या ठरलेल्या दिवशी बाजारातून रंगीत मूर्ती आणायची, तिला कोनाड्यात मांडायचं, चार जणांना बोलावून दाखवायची, हे इथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. नवं काही असेल तर ते एवढंच, की ही बाहुली घरातून परत जात नाही. या लेखात मला तिच्या येण्यापेक्षा या न जाण्याचाच इतिहास शोधायचा आहे.

भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई येते. विदर्भात तिला भुलाबाई म्हणतात, जळगावकडे दोन्ही नावं ऐकू येतात. मातीचं रंगवलेलं जोडपं. ती पार्वती, तो शंकर. पण कैलासावरचे नव्हेत, भिल्लिणीच्या आणि भिल्लाच्या वेषातले. कोजागरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी या घरून त्या घरी जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. गाण्यांत सासर-माहेर, रुसवे-फुगवे, नणंदा-जावा. शेवटी खाऊ. पण तो नुसता वाटायचा नाही, डबा कानाशी खुळखुळवायचा आणि आत काय आहे ते ओळखायला लावायचं. (आत काय आहे हे माहीत नसलेलं खोकं विकत घेऊन आधी ते हलवून बघणाऱ्या ब्लाइंड बॉक्सवाल्यांनी आपलं मूळ इथे शोधायला हरकत नाही.) कोजागरी झाली की गुलाबाई पाण्यात. पुढच्या वर्षी नवी. गेल्या वर्षीची कशी होती, तिच्या लुगड्याचा रंग कोणता होता, हे कुणी लिहून ठेवत नाही. लिहायचं कशाला? ती परत येणारच असते.

पोळ्याच्या मातीच्या बैलजोडीचंही असंच. ज्यांच्या गोठ्यात बैल नाहीत त्यांनी मातीचे आणायचे, पुजायचे, पुरणपोळी दाखवायची. दुसऱ्या दिवसापासून ते पोरांच्या हाती, आणि मग शिंग मोडेपर्यंत त्यांचं आयुष्य. अपवाद एकच म्हणता येईल, दिवाळीच्या किल्ल्याचा. पुण्या-साताऱ्याकडे किल्ला मोडला तरी महाराज आणि मावळे टाकून देत नाहीत, ते बुटांच्या खोक्यात भरून माळ्यावर जातात. दरवर्षी दोन-चार नवे घ्यायचे, मान मोडलेल्याला डिंकाने चिकटवायचं, तोफा वेगळ्या ठेवायच्या. मराठी घरात 'कलेक्शन' या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारं खोकं तेच.

खोक्याचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे सुमारे ३,३०० वर्षं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचं गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी, १९६८पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली त्यांना मातीची लंबगोल पेटी सापडली, झाकणासकट. पेटीत बिनडोक्याची स्त्री-मूर्ती. पेटीसोबत आणखी एक स्त्री-मूर्ती आणि एक बैल. सगळं कच्च्या, न भाजलेल्या मातीचं. खरी गंमत पुढे आहे. त्या बिनडोक्याच्या बाईच्या पोटाशी एक भोक आहे आणि बैलाच्या पाठीवर दुसरं. दोन्हींत काडी घातली की बाई बैलावर नीट बसते.

फिगर जमवणाऱ्या माणसाने हे वाचलं की त्याला ती वस्तू लगेच ओळखीची वाटते. स्वतंत्र पेटी, आत मूर्ती, बसवायला खुंटी. आज जपानी फिगरच्या पाठीला जी पारदर्शक दांडी लागते तिचं काम तरी दुसरं काय असतं? अर्थात इनामगावच्या घरातली ती देवी होती, शोभेची वस्तू नव्हे, आणि जमिनीखाली पुरायचं कारण भक्तीचं असणार. पण जपून ठेवायची मूर्ती पेटीत ठेवावी हे त्या घराला सुचलं होतं. त्याच जोर्वे संस्कृतीची वस्ती आपल्याकडे गिरणाकाठच्या बहाळला आणि तापीकाठच्या प्रकाशालाही होती. तेव्हा हे लोक आपले कुणी लागत नाहीत, असं म्हणायची सोय खान्देशी वाचकाला नाही.

आता एक मोठी उडी मारून थेट १९८०च्या दशकात येऊ, कारण बाहुलीचं 'न जाणं' खऱ्या अर्थाने सुरू होतं ते प्लास्टिकपासून. माती फुटते, विरघळते; प्लास्टिक करतच नाही काही. ब्लो प्लास्ट या कंपनीने 'लिओ' नावाने खेळणी आणली आणि पुढे अमेरिकेच्या मॅटेलशी हात मिळवला. दूरदर्शनवरचा ही-मॅन त्यामुळे हातात धरता येऊ लागला. ब्लो प्लास्ट म्हणजे व्हीआयपी सुटकेसवाल्यांचं घराणं, आणि व्हीआयपीचा एक कारखाना जळगावच्या एमआयडीसीत होता. म्हणजे ही-मॅन आणि वडिलांची प्रवासाची पेटी एकाच कुळातली.

दुसरी कंपनी फनस्कूल. १९८७ साली एमआरएफ (हो, टायरवाले) आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघाली. तिचा कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोने १९८२पासून अमेरिकेत गाजवलेले जी.आय. जोचे सैनिक, उंची पावणेचार इंच, फनस्कूलने भारतात विकायला घेतले. हॅस्ब्रोचं काम झालं की पोलादी साचे देशोदेशी जायचे, त्यातले काही इथे आले. आपल्याकडे मग त्याच साच्यातून भलत्याच रंगाचे जवान निघू लागले. अमेरिकेत जो हिरवा तो इथे पिवळा, ज्याची टोपी काळी त्याची इथे निळी. आपल्याला हे कळण्याचं कारणच नव्हतं, कारण आपण मूळ कुठे पाहिलं होतं? पण हे खेळणं भारतात २०००नंतरही काही वर्षं मिळत राहिलं, आणि इंटरनेट पसरल्यावर अमेरिकेतल्या जमवणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला. दुकानदाराने मागे सारलेला माल परदेशी जाऊ लागला. भारतीय जी.आय. जो हा आज तिकडच्या संग्राहकांसाठी अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. कोणत्या जवानाला कोणता पट्टा, कोणत्या कार्डावर कोणतं चित्र, सगळ्याच्या याद्या त्यांनी केल्या. आपण त्याला वाळूत पुरलं, दिवाळीत सुतळी बॉम्ब बांधून उडवलं.

या जवानाचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. त्याच्या कमरेत, आत, एक छोटं काळं रबरी कडं असतं. धड आणि पाय त्या एका कड्यावर तोललेले. दहा-पंधरा वर्षांनी रबर सुकतं, तुटतं आणि जवानाचे दोन तुकडे होतात. पाठीवरचा स्क्रू काढायचा, नवं कडं घालायचं, परत आवळायचा. नळदुरुस्तीच्या दुकानात तशा मापाचं वायसर शोधत फिरलेला माणूस कुठल्याही गावात संग्राहक म्हणून ओळखावा.

जपान आपल्याकडे आला तो टीव्हीवरून, आणि आला तेव्हा जपानी म्हणून आलाच नाही. १९९३मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसलेला मोगली निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा होता, हे त्या वेळच्या पोरांना कित्येक वर्षांनी कळलं. १९९५ला कार्टून नेटवर्क आलं, २००३ला त्यावर पोकेमॉन, त्यानंतर चिप्सच्या पुड्यांतून पोकेमॉनचे टॅझो. हिंदीत बोलणारा डोरेमॉन, मग शिनचॅन. त्याच्या आगाऊपणावर २००८मध्ये सरकारने बंदीही घातली, आणि तो परत आला. खान्देशात या सगळ्याला भारनियमनाची कात्री होती. ज्या एपिसोडला गोकू शेवटचा वार करणार त्याच वेळी लाइट जायची. पुढचं काय झालं ते दुसऱ्या आळीतल्या, वेगळ्या फीडरवरच्या मित्राला विचारावं लागायचं. टॅझो मात्र लाइटवर अवलंबून नव्हता. पाहिलेली गोष्ट हातात ठेवायची हौस इथून लागली, असं मला वाटतं.

तिकडे जपानमध्ये काय चाललं होतं ते थोडक्यात. ओसाकाजवळ १९६४ साली काइयोदो नावाचं चिमुकलं मॉडेलचं दुकान निघालं. १९८०च्या सुमारास हौशी लोक घरीच मूर्ती घडवून रेझिनच्या थोड्या प्रती ओतू लागले. त्यांना गॅरेज किट म्हणतात. रंग घेणाऱ्याने स्वतः द्यायचा. १९८५पासून या लोकांची जत्रा भरू लागली, 'वंडर फेस्टिव्हल', जी पुढे काइयोदोनेच चालवायला घेतली. जत्रेत एक नियम आहे, जो मला फार आवडतो. पात्रांचे हक्क कंपन्यांचे, मग हौशी माणसाने विकायचं कसं? तर त्याला परवानगी मिळते, पण एका दिवसापुरती. सूर्य मावळला की ती मूर्ती परत बेकायदा. एका दिवसाची बाहुली! गुलाबाईला निदान महिना तरी मिळतो.

याच हौशी मंडळींतून पुढचे व्यावसायिक मूर्तिकार निघाले. १९९९मध्ये काइयोदोने फुरुता या मिठाईवाल्यांसाठी चॉकलेटच्या अंड्यात इवलेसे प्राणी घातले आणि चीनमध्ये हाताने रंगवून घेतलेली छोटी, तयार फिगर घराघरात गेली. २००१ला गुड स्माइल कंपनी, २००६ला तिची १० सेंटिमीटरची मोठ्या डोक्याची नेंडोरॉइड. खोक्यावर कंपनीच्या नावाइतकंच महत्त्वाचं आणखी काही छापलेलं असतं. मूर्ती कुणी घडवली, रंगाचा नमुना कुणी केला. जमवणारे लोक पात्रासाठी फिगर घेतात हे खरं, पण मुरलेला माणूस मूर्तिकाराचं नाव वाचूनही घेतो.

ही फिगर ज्या पीव्हीसीची असते त्याचीच पाइपलाइन जळगावच्या शेतात पुरलेली असते. भवरलाल जैन यांच्या कंपनीने १९८०मध्ये इथे पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली आणि पुढे ठिबकने जिल्ह्याचं पाण्याचं गणित बदललं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, क्लोरीन असतं, जे मिठापासून मिळतं. पाइपात कडक पीव्हीसी वापरतात. फिगरच्या केसांना, झग्याच्या चुणीला लवचीकपणा हवा म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. उकाड्याने, कोंदट कपाटात, तो हळूहळू बाहेर येतो आणि फिगर हाताला चिकट लागते. कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची, वाऱ्यावर वाळवायची. खिडकीसमोर ठेवली तर पांढरा रंग पिवळा पडतो तो वेगळाच. गुलाबाईला पाण्याचं भय, हिला उन्हाचं. खान्देशात दुसरीची काळजी जास्त घ्यावी लागते.

आणि खिशाची. फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. त्याआधी, २०१९च्या डिसेंबरात, परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या लहान पार्सलांची सवलतही गेली. देशातला खेळणी-धंदा वाचवण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, आणि लहान मुलाच्या तोंडात जाणारं प्लास्टिक तपासलेलंच हवं. पण नेंडोरॉइडच्या खोक्यावर १५ वर्षांवरील असं छापलेलं असतं, आणि शुल्काच्या तक्त्यात ती आणि खुळखुळा सख्खे भाऊ.

परिणाम बाजारात दिसतो तो असा की अस्सलच्या पाचव्या हिश्शात नक्कल. पहिली नोकरी लागलेल्या पोराला किंवा पोरीला अस्सल एक फिगर म्हणजे पगाराचा चांगला लचका. म्हणून तो घेण्याआधी दहा रिव्ह्यू वाचतो. या रिव्ह्यूंची चेष्टा करणं सोपं आहे. एका बाहुलीवर वीस फोटो आणि हजार शब्द! पण ते काय बघतात ते बघा. त्वचा फार चकाकते का, डोळ्याची छपाई किंचित सरकली आहे का, केसाच्या दोन भागांची सांधरेष कुठे लपवली, काळा रंग पांढऱ्यावर ओघळला का, तळपाटाची खुंटी घट्ट बसते का, तोएईच्या मालिकेतली असेल तर खोक्यावर चकाकणारा स्टिकर आहे का. सोनाराकडे नथ घेताना आजी जे करायची तेच. मोती फिरवून बघायची, फासा ओढून बघायची, आणि सोनार बोलत असताना त्याच्याकडे बघायची नाही.

धुळ्याचा या नजरेशी जुना संबंध आहे. वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव भटकले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले. पाठोपाठ, १९२७मध्ये, इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली बाडं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. या लोकांना लोक काय म्हणत असतील? रद्दी जमवतो. फडताळातल्या वाळवी लागलेल्या कागदाचं काय करायचं, हा प्रश्न त्या काळी "हाई काय शे भो" याच सुरात विचारला गेला असणार. त्यांनी कागद जमवले एवढंच नाही. कोणता कागद कुठे, कुणाकडे मिळाला ते टिपलं. ती टीप नसेल तर संग्रह आणि अडगळ यांत फरक सांगता येत नाही.

आणि आता मला जे खुपतं ते. आज जळगाव-धुळ्यात बसलेल्या एखाद्या पोरीला एका जपानी मूर्तिकाराचं नाव, त्याने आधी काय घडवलं, कोणत्या साली त्याचा हात बदलला, हे तोंडपाठ असतं. भाद्रपदात त्याच शहराच्या रस्त्याकडेला गोणपाटावर ओळीने गुलाबाई मांडलेल्या असतात. त्या कुणी घडवल्या? साचा कुणाच्या आजीचा? पाच-दहा वर्षांपूर्वी भिल्लाचं मुंडासं लाल असायचं की भगवं? मातीचा बैल गेल्या वीस वर्षांत बारीक झाला की गुबगुबीत? कुणी मोजलेलं नाही. जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो, शाळांच्या मुली त्यात गाणी म्हणतात, म्हणून गाणी तरी टिकतील. मूर्ती दरवर्षी पाण्यात जाते आणि तिचा नमुनाही तिच्याबरोबर जातो. विसर्जन थांबवा असं मी म्हणत नाही. गुलाबाई कपाटात काचेआड बसली तर ती गुलाबाई राहणार नाही. फोटोला मात्र पाणी लागत नाही. चार बाजूंनी चार फोटो, शेजारी पट्टी, आणि विकणाऱ्या बाईला दोन प्रश्न, एवढं काम नव्या झोरोचं खोकं उघडताना आपण रात्री दोनला आनंदाने करतो.

फिगर जमवणारा माणूस वस्तू हातात आली की आधी उलटी करून पाठ बघतो, कारण हयगय झाली असेल तर ती मागे सापडते. साच्यातल्या मातीच्या मूर्तीचीही पाठ बघावी. पुढचं सगळं साच्याने दिलेलं असतं: नाक, डोळे, पदर. रंग मागे सहसा पोहोचत नाही. माती साच्यात दाबताना मागची बाजू उघडी राहते, आणि तिथे घडवणाऱ्या बाईच्या चार बोटांचे ठसे वाळून बसलेले असतात.